काहिलीवरची नजर

वैजयंता मगदूम नवऱ्याला अरे-तुरे करते, ही गोष्ट सगळ्या बेलपाटी गावाला ठाऊक होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. कारण ती ते फक्त काहिलीपाशी करायची. घरात, शेतात, चारचौघांत तिचं "अवो, ऐकलं का" असायचं. पण गुऱ्हाळात चुलवाण पेटलं आणि उसाचा रस त्या भल्यामोठ्या कढईत, म्हणजे काहिलीत पडला, की तिथं अधिकार एकट्या गुळव्याचा. पाक कधी तयार झाला हे गुळव्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. मिनिटभर लवकर काढला तर गूळ चिकट, मिनिटभर उशीर झाला तर करपट. अशा घाईत मानपान कुठला सुचायला? "रंगा, काढ!" असं ती ओरडायची, आणि चुलवाणात चिपाडं सारणारा रंगराव उठून साखळी ओढायचा. काहील कलायची, पाक शेजारच्या उथळ वाफ्यात ओतला जायचा, आणि मग पुन्हा ती "अवो" वर यायची.

बाई गुळव्या असते का, असं सुरुवातीला लोकांनी विचारून पाहिलं होतं. तिचे वडील भोगावतीच्या काठावरचे नावाजलेले गुळवे. मुलगा नव्हता, मुलगी काहिलीपाशीच वाढली. तिच्या हातचा गूळ बाजारात पोचायच्या आत संपायला लागला तेव्हा विचारणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद झाली.

गेली तीन वर्षं मात्र हे सगळं ती डोळ्यांशिवाय करत होती.

त्याची कथा अशी. सव्विसाव्या वर्षी तिला ल्युपस झाला. शरीराचं रक्षण करणारी फौज या आजारात घरच्यांवरच उलटते. सांधे, कातडी, मूत्रपिंड, जे समोर येईल त्यावर तुटून पडते. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर लाल चट्टा उठतो, तो तिला उठला. मूल होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, ते तिनं ऐकलं. स्टेरॉइडच्या गोळ्या या फौजेला गुंगी देतात. त्या गोळ्यांनी तिचा जीव वाचवला आणि ती हे उपकार कधी विसरली नाही.

पण त्या गोळ्या यकृतालाही फितवतात. ते गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं, आणि आपलं इन्सुलिन तिच्यापुढं हतबल होतं. हे वैजयंताला सांगितलेलं होतं. म्हणून ती महिन्याच्या महिन्याला, न चुकता, पहाटे उपाशीपोटी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्यायची. आकडा कधी शंभराच्या वर गेला नाही. नर्सबाई बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायच्या. आणि सगळी गोम तिथंच होती. सकाळी आठला घेतलेली गोळी दुपारी रंगात येते. स्टेरॉइडची साखर उन्हासारखी चढते, संध्याकाळी साडेतीनशे-चारशेवर जाते, आणि रात्री अंमल उतरला की पहाटे सगळं आलबेल. चोर दुपारी येत होता आणि पहारा पहाटे होता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीसुद्धा तिच्या बाबतीत खोटी ठरली, कारण ल्युपसमुळे तिच्या तांबड्या पेशी लवकर मरायच्या आणि साखरेचा पुरावा सोबत घेऊन जायच्या. पंधरा वर्षं तिनं शिस्तीनं, मनापासून, चुकीच्या वेळी तपासणी केली. कळलं तेव्हा डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून गेल्या होत्या.

आता तिच्या दंडावर एक चिकटपट्टी होती. ती चोवीस तास साखर मोजून कानातल्या यंत्रातून बोलायची. सकाळच्या गोळीबरोबर दुपारी जोर धरणारं इन्सुलिनही चालू होतं. पण गेलेले डोळे कसे परत येणार? बोटांची टोकंही बधिर झाली होती. थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि ती कडक झाली का बघायचं, ही गुळव्याची खरी परीक्षा. तिला ती गोळी हाताला लागायचीच नाही. उरले नाक आणि कान. त्यांच्या भरवशावर ती काहिलीपाशी उभी राहायची, डोळे मिटून बुडबुड्यांचा आवाज ऐकायची आणि म्हणायची, "काढ!"

गूळ चांगला उतरायचा. गाव थक्क व्हायचं. एकच तक्रार होती तिची: रंगराव हल्ली मंद झाला होता. हाक दिल्यावर त्याची साखळी कधी अडकायची, कधी कप्पी फिरायची नाही. "म्हातारा झालास व्हय रं? का झोपा काढतोस?" ती फटकारायची. तो हसायचा आणि कप्पीला तेल द्यायचं कबूल करायचा.

मिरजेच्या दृष्टिसंशोधन केंद्रातल्या डॉ. सलमा पटवेगार यांनी तिला बोलावलं, ते गेल्या पावसाळ्यात. रंगराव शेजारी बसला होता.

"वैजयंताताई, तळ्यातलं हिरवं शेवाळ माहीत आहे ना?" डॉक्टरांनी सुरुवातच अशी केली. "त्यात एका पेशीचा एक जीव असतो. त्याला डोळा नाही, मेंदू नाही. तरी तो बरोबर उजेडाकडे पोहत जातो."

"कसा काय?"

"त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं. उजेड पडला की ते दारासारखं उघडतं आणि पेशीत वीज खेळते. बस, एवढंच. आता तुमचा डोळा बघा. उजेड टिपणाऱ्या पेशी मेल्यात. पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या पेशी अजून बऱ्याच जिवंत आहेत. टपाल यायचं थांबलंय, पोस्टमन घरीच बसून आहे. त्या शेवाळाच्या प्रथिनाची कृती आम्ही एका निरुपद्रवी विषाणूत भरतो आणि डोळ्यात टोचतो. मग तुमच्या त्या निरोप्या पेशी ते प्रथिन स्वतः बनवतात. आणि स्वतःच उजेड टिपायला लागतात."

"म्हणजे माझ्या डोळ्यात शेवाळ उगवणार," वैजयंता म्हणाली.

"शेवाळाची युक्ती उगवणार."

रंगरावानं घसा खाकरला. "आन् त्या फौजेचं काय? ती परक्याला घरात घेईल व्हय?"

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. हा माणूस चिपाडं जाळतो एवढंच त्यांना माहीत होतं. "तीच भीती आहे," त्या म्हणाल्या. "आठ जणांवर हा प्रयोग करतोय. ल्युपस असलेल्या तुम्ही एकट्या. तुमची फौज आधीच गुंगीत आहे म्हणून तुम्हाला घेतलं. पण ती जागी झाली, तर मला काही सांगता येणार नाही."

जुलैत सुया टोचल्या. ऑक्टोबरात, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या तोंडावर, चष्मा मिळाला. त्याच्या पुढे बारीक कॅमेरा, आत एक छोटा दिवा. कॅमेऱ्याला दिसेल ते हा दिवा नारिंगी ठिपक्यांत तिच्या पडद्यावर मारायचा. पहिल्या दिवशी तिला फक्त मुंग्या दिसल्या, पेटलेल्या मुंग्या. चौथ्या दिवशी त्या मुंग्या एका जागी गोळा झाल्या आणि त्यांचा चौकोन झाला.

"खिडकी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. नवऱ्याच्या दंडाला धरून पोरीसारखी हमसून हमसून रडली. साधी सिमेंटची खिडकी होती ती.

चित्र दाणेदार होतं, एकाच रंगाचं होतं. अक्षरं वाचता यायची नाहीत. वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ओळखायला मदत व्हावी म्हणून चष्म्याच्या काडीवर तीन खटक्यांची चकती दिली होती. पहिला खटका आपल्या नेहमीच्या उजेडाचा. दुसरा आणि तिसरा त्याच्या पलीकडचे.

पलीकडचे म्हणजे काय, ते तिला घरी परतताना कळलं. गाडी कोल्हापूर सोडून भोगावतीच्या अंगाला वळली, दोन्ही बाजूंना ऊस लागला, आणि तिनं सहज म्हणून दुसरा खटका फिरवला.

"अवो! थांबवा गाडी!"

"काय झालं? साखर उतरली?"

ती दार उघडून बांधावर जाऊन उभी राहिली. समोर तिचा जन्म गेलेला ऊस होता आणि तो पेटल्यासारखा उजळला होता. एकेक पातं लखलखत होतं. शिवारभर, डोंगराच्या पायथ्यापर्यंत, उजेडाचं पीक उभं होतं. वर आभाळ मात्र गडद, भर दुपारी गडद. आणि या सगळ्यामधून भोगावती काजळासारखी काळी वाहत होती.

इंद्रधनुष्याची तांबडी कड जिथं संपते, तिथं उजेड संपत नाही, फक्त आपली नजर संपते. त्यापुढच्या उजेडाचं हिरव्या पानाला काही काम नसतं, म्हणून पान तो आल्यापावली परत पाठवतं. सगळ्या झाडाझुडपांनी परत पाठवलेला तो उजेड दिवसभर आपल्या आजूबाजूला सांडत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. वैजयंताला हे शास्त्र डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी तिनं आपसूक हात जोडले होते. ऊस तिनं हजारदा पाहिला होता, पण त्याची ही बाजू आजवर कुण्या गुळव्यानं पाहिली नव्हती.

"काय दिसतंय?" रंगरावानं विचारलं.

"सगळंच हाय हो," ती म्हणाली. "आपल्यालाच दिसत नव्हतं."

घरी गेल्यावर तिनं आरशात पाहिलं. स्टेरॉइडनं गोल झालेला चेहरा तसाच होता, पण गालावर चट्टा नव्हता. रक्ताची लाली या उजेडात दिसतच नाही. अठरा वर्षांनी तिला तिचे स्वच्छ गाल दिसले. मग तिनं नवऱ्याकडे वळून पाहिलं आणि फस्सकन हसली. कलप लावलेले त्याचे केस पांढरेफेक दिसत होते.

"एवढा रंग लावून काय उपयोग झाला न्हाई तुमचा," ती म्हणाली.

तिसरा खटका तिनं राखून ठेवला होता काहिलीसाठी. या खटक्यात पाणी उजेड पिऊन टाकतं. जिथं पाणी तिथं काळं, जिथं कोरडं तिथं लख्ख. हंगामाचं, काहिलीभर रसाचं पहिलं आधण पडलं, त्या सकाळी तिनं तो फिरवला आणि जागीच खिळली. कोरड्या चिपाडाचा ढीग चांदण्यासारखा चमकत होता आणि त्याच्यासमोर रंगराव उभा होता, देवळातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीसारखा. तिनं स्वतःचा हात पाहिला. तोही काळा, तुकतुकीत. गोठ्यातली म्हैस, आंब्याचं झाड, कुंपणावरचा सरडा, जे जे जिवंत ते ते काळं. सगळा जीव म्हणजे थोडं थोडं वाटून घेतलेलं पाणी, असं तिला वाटलं.

आणि काहील. रस पडला तेव्हा ती खोल विहिरीसारखी काळी होती. आच लागली, मळी वर आली, भेंडीच्या रसानं ती धरली, काढली. रस उकळू लागला आणि त्या काळ्यात हळूहळू राखाडी फिरायला लागली. पाणी निघून चाललं होतं. तिच्या वडिलांनी, आज्यानं, त्यांच्या आधीच्या साऱ्या गुळव्यांनी जे नाकानं, बोटांनी, आवाजानं हुडकलं होतं, ते पाण्याचं जाणं ती उघड्या डोळ्यांनी बघत होती. राखाडीतून दुधी, दुधीतून मोतिया.

मग जुन्या सवयीनं तिनं डोळे मिटले. कान लावले. बुडबुड्यांची फदफद जाड झाली, ओळखीच्या जागी आली, आणि ती ओरडली, "रंगा, काढ!"

डोळे उघडले तेव्हा काहील अजून दुधीच होती. पाक तयार नव्हता.

तिनं मान वळवली. वाफेपलीकडे ती काळी मूर्ती उभी होती. एका हातात काहीतरी होतं, पिस्तुलासारखं, काहिलीवर रोखलेलं. दुसऱ्या हातानं ती साखळी नुसतीच खडखडवत होती. ओढत नव्हती, खडखडवत होती.

"आलो, आलो! अडकली बघ पुन्हा," रंगराव म्हणाला.

काहील मोतिया झाली. त्यानं हातातलं यंत्र कमरेला खोवलं आणि एका झटक्यात साखळी ओढली.

त्या दिवशीची उरलेली दोन आधणं वैजयंतानं उरकली. दोन्ही वेळा तिची हाक लवकर गेली. दोन्ही वेळा साखळी अडकली. संध्याकाळी चुलवाण विझल्यावर ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ते कमरेचं काय हाय?"

रंगरावाचा हात तिकडे गेला. लपवण्यात अर्थ नव्हता. "लांबनं ताप मोजायचं यंत्र. एकशे अठरावर पाक उतरतो."

"किती दिवस झालं?"

"तीन वरसं."

"म्हणजे तीन वरसं गूळ ह्या डब्यानं केला. आन् गाव माझ्या पाया पडतंय."

"वैजू, तुझे डोळे गेल्ते, बोटं गेल्ती. वर आणि तुला सांगू, की कानबी चुकतोय तुझा? तू खचली असतीस."

"मी तुला आळशी म्हणाले. म्हातारा म्हणाले. गड्यांदेखत."

"म्हण की. त्यानं काय माझं अंग झिजलं?"

तिला राग आला होता आणि त्या रागाला कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. या माणसानं तिला फसवलं होतं. या माणसानं तीन वर्षं तिच्या शिव्या खाऊन तिचं नाव राखलं होतं. दोन्ही एकदमच खरं होतं. दुसऱ्या दिवशी काहिलीपाशी ती त्याला "काढा" म्हणाली आणि त्या मानपानानं रंगराव दिवसभर कष्टी राहिला.

डोळे होते तोवर मात्र ती बघून हाक देत होती आणि एक आधण चुकलं नाही. ते दोन महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात श्रीमंत महिने होते, असं ती पुढे म्हणायची. रोज सकाळी कोणता ना कोणता खटका फिरवून ती जग नव्यानं बघायची आणि रोज चकित व्हायची.

जानेवारीत उजवा डोळा लाल झाला. मग डावा. फौज जागी झाली होती.

"शेवाळाचं प्रथिन तिनं ओळखलंय," डॉ. पटवेगार म्हणाल्या. त्या दमलेल्या दिसत होत्या. "त्या पेशींवर हल्ला चालू आहे. थांबवायचं तर स्टेरॉइड वाढवावं लागेल. रोजचे साडेसात मिलिग्राम घेता, ते चाळीस. आणि कमी कधी करता येईल, सांगू शकत नाही."

"साखर?"

"तुम्हाला माहीत आहे. इन्सुलिन दुप्पट-तिप्पट करू. पण तुमची मूत्रपिंडं आधीच काठावर आहेत. वर्ष, दीड वर्ष काढतील. मग डायलिसिस."

"आणि न्हाई वाढवलं तर?"

"आठ दिवस थेंबांनी जळजळ निवेल. नेहमीची गोळी चालूच राहील, ती काही झालं तरी थांबवायची नाही. पण त्या पेशी जातील. पाच-सहा आठवडे दिसेल, मंद मंद होत. मग पूर्वीसारखं."

"वाढवा," रंगराव म्हणाला. "साखरेचं मी बघतो. दर तासाला बघतो. मूत्रपिंड लागलं तर माझं घ्या. हिला दिसू दे, डॉक्टर. हिचं तोंड बघितलंय मी त्या बांधावर."

वैजयंतानं त्याचा हात दाबला. तिलाही तेच हवं होतं. ते हवंसं वाटणं तिच्या छातीत दुखत होतं. तिला तो पेटलेला ऊस हवा होता, काळी नदी हवी होती, स्वतःचे स्वच्छ गाल हवे होते. पण चाळीस मिलिग्राम म्हणजे काय, हेही तिला ठाऊक होतं. तिशीत एकदा ते घेतलं होतं. घसा सुकायचा, हात कापायचे, झोप उडायची, माणसांवर उगाच खेकसायला व्हायचं.

"डायलिसिसच्या खुर्चीवर बसून मी काय बघू हो?" ती म्हणाली. "नळ्या? न्हाई. गोळी आहे तेवढीच राहू दे."

"वैजू..."

"पाच आठवडे म्हणालात न्हवं, डॉक्टर? दिवसाला तीन आधणं. शंभराच्या वर होतात. माझा कान चुकतोय, ते शंभरदा बघून घेता येतं मला. इतक्या दिवसांत कानाला शिकवायला कोण नव्हतं. आता हाय."

परतीच्या वाटेवर रंगराव गाडी चालवताना डोळे पुसत होता. तिला ते दाणेदार का होईना, दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून काहिलीपाशी नवाच रिवाज सुरू झाला. रस आटत आला की वैजयंता डोळे मिटायची, ऐकायची, आणि नुसतं बोट वर करायची. मग डोळे उघडून बघायची, पाक खरोखर कुठवर आलाय. पहिल्या आठवड्यात तिचं बोट दीड-दीड मिनिट आधी उठायचं. डोळे शाबूत होते तेव्हा कान त्यांच्या जिवावर आळशी झाला होता, आणि डोळे गेल्यावर तो बापडा अंदाजानं चालला होता. आता ती दोघांना एका दावणीला बांधत होती. काहील दुधी असते तेव्हा बुडबुडा फुटतो तो फद् असा. मोतिया व्हायला लागते तेव्हा काठाकडचे बुडबुडे आधी गप्प होतात. मग मध्यावरचे. आणि ऐन क्षणाला, सगळा आवाज जाड होऊन खाली बसतो आणि त्याच्यावर एक बारीक चुरचुर तेवढी तरंगते, तळव्यावर मीठ चोळल्यासारखी. हे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. त्यातलं काय कशासाठी आहे, ते आता प्रथमच समजत होतं. रंगराव यंत्र रोखून आकडे सांगायचा, ती ते मागायची नाही आणि तो सांगायचं थांबवायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात ठिपके मंदावले, दुसऱ्या खटक्यावरही शिवार उजळेना. ऊस नुसताच ऊस झाला. त्या दुपारी ती बांधावर जाऊन बसली आणि बराच वेळ त्या विझलेल्या शिवाराकडे बघत राहिली. तिचं बोट मात्र आता वीस सेकंदांच्या आत उठत होतं. चौथ्या आठवड्यात काहील धुक्यातली काहील झाली. पाचव्याच्या अखेरीस, एका मंगळवारी, तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला आणि डबीत ठेवून दिला.

"गेलं?" रंगरावानं विचारलं.

"गेलं," ती म्हणाली. "चला, रस पडलाय."

नेमका त्या दिवशी ऊस ओढ्याकाठच्या पाणथळ रानातला होता. असा ऊस लहरी, त्याचा रस कधी काय करील याचा नेम नाही. तीनशे किलो गुळाचं आधण होतं. मळी दोनदा काढावी लागली. वैजयंता काठापाशी उभी राहिली, नेहमीच्या जागी, तोंड वाफेकडे करून. कानातलं यंत्र तिची साखर सांगायला लागलं, ते तिनं काढून ठेवलं.

फद्. फद्. आवाज ओळखीचा होता. आणि मग अंधारात कुठंतरी, मिटल्या डोळ्यांच्याही मागं, एक काळी गोल विहीर तयार झाली. तिनं ती मुद्दाम आठवली नव्हती. आवाज बदलत गेला तशी तिच्यात राखाडी फिरायला लागली. काठाचे बुडबुडे गप्प झाले आणि विहिरीच्या कडा दुधी झाल्या. शंभर आधणांनी मेंदूत जी वाट पाडली होती, तिच्यावरून आवाज आत येत होता आणि आत पोचेपर्यंत त्याचा उजेड होत होता. दुधीतून मोतिया मध्याकडे सरकला, भिडला, आणि वर ती बारीक चुरचुर उठली.

"रंगा, काढ!"

साखळी तत्क्षणी ओढली गेली. काहील कलली, पाक वाफ्यात धो धो पडला. गडी लाकडी फावड्यांनी तो ढवळायला लागले. रंगराव येऊन तिच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या श्वासावरून तिला कळलं की तो घाबरलेला आहे.

"यंत्र काय म्हणालं?" तिनं विचारलं.

"एकशे चौदा. अजून चार डिग्री हायत म्हणालं."

"मग का काढलीस?"

"तू म्हणालीस म्हणून."

तीनशे किलो गूळ. ती मनातून हादरली, पण जागची हलली नाही. पाक साच्यात भरला, वर ओलं फडकं पडलं. दोघं चिपाडाच्या ढिगावर बसून राहिली. ऊन कलायला लागल्यावर रंगराव उठला, एक रवा, म्हणजे गुळाची ढेप, साच्यातून मोकळा केला आणि त्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं. घट्ट, भरीव, कोरडा आवाज आला. त्यानं दुसऱ्यावर ठोकलं. मग तिसऱ्यावर.

"पिवळाधमक उतरलाय," तो म्हणाला. "चार डिग्री वर नेला असता तर काळा पडला असता हा. वैजू, यंत्राला जे कळलं न्हाई ते तुला कसं कळलं?"

"दिसलं," वैजयंता म्हणाली, आणि पुढच्या आधणाचा रस काहिलीत सोडायला सांगितलं.